गुरुवारचं पान

आमच्या घरात वाद व्हायचे ते जेवताना, आणि तेही सिमेंट मोठं की वीज मोठी यावरून. जबलपूरजवळच्या रांझीतल्या त्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर एवढंसं होतं, चौघं बसलो की पाटाला पाट लागायचा, आणि आईला वाढायला उठायचं तर आधी दादाला सरकवावं लागायचं. दादा म्हणजे श्रीकांत, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, सिव्हिल इंजिनिअर. मी इलेक्ट्रिकल. बाबा कारखान्यात बॉयलर अटेंडंट. ते मॅट्रिकच्या पुढे शिकलेले नव्हते, पण बॉयलरची फर्स्ट क्लासची परीक्षा दिलेले, आणि त्यांचं सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत बॉयलर-हाउसच्या भिंतीवर लावलेलं असायचं. तसा नियमच होता. ज्याच्या हाती वाफ, त्याचं नाव सगळ्यांना दिसलं पाहिजे.

रविवारी आई गोळाभात करायची. गरम भातात बेसनाचे गोळे, वरून मोहरी-हिंगाचं कडकडीत तेल. कारखान्याचा भोंगा रविवारी वाजत नसे, त्यामुळे जेवण लांबायचं, आणि जेवण लांबलं की वादही लांबायचा. दादा म्हणायचा, "तुझी वीज दिसत नाही, वास येत नाही. जी गोष्ट हात लावल्याशिवाय कळत नाही आणि हात लावला की सांगायला माणूस राहत नाही, ती काय विद्या आहे?" मी म्हणायची, "आणि तुझं? जितकं लोखंड लागतं त्याच्या दीडपट घालायचं, वरून सिमेंट पक्कं व्हायची अठ्ठावीस दिवस वाट पाहायची. आमचं बटण दाबलं की लगेच खरं-खोटं कळते." बाबा खाली मान घालून जेवत असायचे. मग पाण्याचा घोट घेऊन म्हणायचे, "तुम्ही दोघं एकदा पास झाले अन् इंजिनिअर झाले. मला रोज पास व्हावं लागते, तेव्हा कुठं घरी येतो." आई म्हणायची, "अरे, जेवा आधी. भात थंडा होऊन राहिला नं!"

दादाची मुलगी, माझी भाची, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मराठी तिला समजते, बोलताना अर्धी हिंदी होते. मागं एकदा मी तिला सहज विचारलं, "तू दिवसभर काम करतेस, त्यावर सही कोणाची असते?" ती हसली. "किसी की नहीं, आत्या. सही काहून लागेल?" तिला मी काय सांगणार! आमच्या घरात त्या काळी सहीपेक्षा मोठं काही नव्हतं.

दादानं चार वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली आणि मग निगमकडून, म्हणजे महापालिकेकडून, स्वतःचा परवाना मिळवला. त्यानंतर तो घरांचे नकाशे स्वतःच्या नावानं दाखल करू शकत होता, आणि बांधकाम नकाशाप्रमाणे होतंय की नाही याची जबाबदारीही त्याच्यावरच होती. त्यानं रबरी शिक्का करून आणला तेव्हा बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "उलटी अक्षरं वाचता येते का तुला?" तो दिवस दादाच्या आनंदाचा होता. शहरातून तो खोव्याची जिलबी घेऊन आला होता, काळसर, पाकानं कागद भिजलेला. आईनं आधी देवापुढे ठेवली आणि मग पहिला तुकडा त्यालाच भरवला.

माझं अजून तसं काही नव्हतं. मी एका छोट्या इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडे नोकरीला लागले होते. सराफ्याच्या गल्ल्यांतल्या सोनारांच्या दुकानांची वायरिंग आमच्याकडे असायची. जुन्या लाकडी पट्ट्या, त्यावर तीन पिढ्यांच्या तारा. मी शिडीवर चढले की खालून सेठ ओरडायचे, "मैडम, आप मत चढ़िए, लड़के को चढ़ाइए." वायरमन मला दीदी म्हणायचे आणि शिडी धरून उभे राहायचे. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा बरोबर पडला की नाही हे मी पाहायची, तारांचं इन्सुलेशन तपासायच्या मेगरचं हँडल फिरवून आकडे मी घ्यायची, आणि रिपोर्टवर सही व्हायची ती मालकाच्या भावाची, जो त्या गल्लीत कधी आलेलाच नसायचा. त्याच्याकडे सुपरवायझरचं सर्टिफिकेट होतं, माझ्याकडे नुसती डिग्री. ते मला फार लागायचं. म्हणून मी त्या सर्टिफिकेटसाठी भोपाळच्या बोर्डाकडे अर्ज केला, आणि तोंडी परीक्षेचं पत्र आलं. गुरुवार, सकाळी अकरा.

त्या दिवसांत दादाचं जबलपुरातल्याच गोरखपूर भागात एक काम चालू होतं. खाली दोन दुकानं, वर राहायची जागा, आणि रस्त्याच्या बाजूला बाहेर काढलेला चांगला रुंद छज्जा. ठेकेदार तिवारीजी. गोड बोलणारा, घाईचा माणूस. जेवताना दादा त्या साइटच्या गोष्टी सांगायचा. तिथं फुलबाई नावाची एक रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूर बाई, होती, मंडल्याकडची, नवऱ्याबरोबर साइटवरच्याच झोपडीत राहणारी. डोक्यावर घमेलं घेऊन उभ्या उभ्या तिनं एकदा दादाला विचारलं होतं, "साहब, ये लोहा अंदर काहे डालते हो? दिखता तो है नहीं." दादाला ते इतकं आवडलं की त्यानं तुरीची ओली काडी वाकवून तिला दाखवलं, वाकताना वरची साल कशी ताणली जाते आणि तुटायला लागते, आणि लोखंड नेमकं तिथंच काहून लागतं. "कॉलेजमध्ये पाच वर्षांत एकानं हा प्रश्न विचारला नाही," तो आईला म्हणाला. आई म्हणाली, "तिला बिचारीला घमेलं खाली तर ठेवू दिलं का?" दादा ओशाळला. म्हणाला, "नाही गं. लक्षातच नाही आलं."

भोपाळला एकटी जायला मी घाबरले होते. आज हे लिहिताना लाज वाटते. मी शिडीवर चढायची, चालू लाइनजवळ काम करायची, पण बोर्डापुढे बसलेल्या चार अनोळखी माणसांची मला भीती वाटत होती. मी दादाला म्हटलं, "तू चल ना माझ्यासोबत." तो म्हणाला, "गुरुवारी मला छज्जा पाहायचा आहे. तिवारीजी टेकूच्या बल्ल्या काढायला टपून बसले आहेत." माझं तोंड पाहून तोच म्हणाला, "चलो, येतो. अकराला तुझं झालं की दुपारच्या गाडीनं परत. शुक्रवारी सकाळी सातला मी साइटवर."

आम्ही बुधवारी रात्री गाडीत बसलो. आईनं पुऱ्या आणि लाल मिरचीचा ठेचा बांधून दिला होता. गुरुवारी बोर्डाच्या कचेरीत गेलो तर अकराचे साडेबारा झाले, आणि मग शिपायानं येऊन सांगितलं की साहेब लोक मीटिंगला गेलेत, परीक्षा चार वाजता. दुपारची गाडी अडीचची होती. दादानं घड्याळ पाहिलं. म्हणाला, "गुड्डी, तुला सगळं येते. तू दे परीक्षा अन् संध्याकाळच्या गाडीनं ये. मी निघतो." मी त्याची बाही धरली. अगदी लहानपणी धरायची तशी. "थांब ना रे दादा. मला एकटीला भीती वाटून राहिली."

तो थांबला. समोरच्या एसटीडी बूथमधून त्यानं तिवारीजींच्या दुकानात फोन लावला. मी काचेच्या दाराबाहेर उभी होते, दार नीट लागत नव्हतं, मला सगळं ऐकू येत होतं. दादा म्हणत होता, मी सकाळी थोडा उशिरा पोचेन, तोवर कशालाच हात लावू नका. पलीकडून काहीतरी लांबलचक चाललं होतं. दुसऱ्या साइटला बल्ल्या हव्यात, स्लॅब उद्याच टाकायची आहे, मजूर बसून आहेत. दादा दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, "ठीक है, अंदर का खोल लीजिए. छज्जा मत छूना. सुन रहे हैं न? छज्जा नहीं."

हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. बाहेर काढलेला छज्जा घराच्या आतल्या वजनानं तोललेला असतो. आतली भिंत वर चढेपर्यंत त्याला खालून टेकू लागतात. दादाला ते माहीत होतं, म्हणून त्यानं तेवढंच तोडून सांगितलं. पण आतलं उघडायचं, म्हणजे आतल्या बल्ल्या काढायच्या, तरी ते स्वतः उभं राहून करायचं असतं, फोनवर नाही, हेही त्याला माहीत होतं.

चार वाजता माझी परीक्षा झाली. वीस मिनिटं. सगळं आलं. एक म्हातारे साहेब म्हणाले, "बेटी, काम हाथ से किया है, दिखता है." मी उड्या मारतच बाहेर आले. गाडी संध्याकाळची मिळाली, वाटेत कुठंकुठं थांबत आली, आणि शुक्रवारी आम्ही जबलपूरला उतरलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. बसनं रांझीला पोचलो तर क्वार्टरसमोर तिवारीजींचा माणूस सायकल धरून उभा होता. दादाला पाहून त्यानं सायकल सोडून दिली, ती तशीच पडली. "साहब, छज्जा गिर गया."

आठच्या सुमाराला पडला होता. आतल्या बल्ल्या गुरुवारी संध्याकाळी निघाल्या होत्या, आणि शुक्रवारी सकाळी मिस्त्रीनं कोणाला न विचारता बाहेरच्याही काढायला घेतल्या. कोणाला न विचारता की तिवारीजींना विचारून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. खाली फुलबाई निघालेल्या फळ्या गोळा करत होती.

दादा तसाच साइटवर गेला. दुपारी परत आला तेव्हा चपला सिमेंटच्या धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. आईनं ताट वाढलं, त्यानं त्यात पाणी सोडलं आणि हात धुतले.

त्याच संध्याकाळी, बाबा ड्यूटीवरून येऊन चहा घेत असताना, तिवारीजी आले. हातात साइटचं रजिस्टर होतं. त्यात इंजिनिअरनं ज्या दिवशी जे पाहिलं ते लिहून सही करायची असते. गुरुवारचं पान कोरं होतं. तिवारीजी अगदी हळू आवाजात बोलत होते, जणू घरात कोणी आजारी आहे. "साहब, बस इतना लिख दीजिए कि आप गुरुवार को आए थे, देखा, और मना करके गए. मिस्त्री तो वैसे भी गाँव भाग गया है. जो जाना था वो तो चला गया. आप भी बच जाएँगे, हम भी."

दादा रजिस्टर पुढे घेऊन बसला. आई दारात उभी होती. तिचा पदर तोंडाशी होता. ती म्हणाली, "लिहून टाक ना रे, बाबू. तू मना तर केलंच होतं." माझी आई साधी, देवभोळी बाई, आयुष्यात तिनं कधी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं ते मागितलं, आणि मला तिचा राग आला नाही. मलाही तेच हवं होतं.

दादानं बाबांकडे पाहिलं. "बाबा?"

बाबांनी कप खाली ठेवला. "मी काही सांगणार नाही. तुझं सर्टिफिकेट, तुझी सही. मी सांगितलेलं लिहिशील तर ती माझी होईल." आणि ते उठून मागच्या अंगणात गेले. मला तेव्हा वाटलं, बाबा निष्ठुर आहेत. नंतर आई म्हणाली की ते मोरीशी उभे राहून तोंडावर पाणी मारत होते, पुन्हा पुन्हा.

दादानं पेन उघडलं. त्याचं अक्षर ड्रॉइंगवर लिहितात तसं सुटं, सरळ होतं. त्यानं हिंदीत लिहिलं की गुरुवारी मी साइटवर आलो नाही. आतली सेंट्रिंग उघडायची परवानगी मी फोनवरून, न पाहता दिली. छज्ज्याला हात लावू नये असं सांगितलं होतं. खाली सही केली आणि शिक्का मारला. मी त्याच्या मागे उभी राहून वाचत होते. तो पुढे लिहील, की मी कुठं होतो, कोणासाठी थांबलो, याची वाट पाहत होते. त्यानं रजिस्टर बंद केलं.

तिवारीजी उभे राहिले. त्यांचा गोड आवाज गेला होता. "आप तो डूबे साहब, हमको भी ले डूबे."

दोन दिवसांनी दादा फुलबाईच्या नवऱ्याला भेटायला गेला. मी सोबत गेले. झोपडीसमोर तो माणूस बसला होता, बारीक, माझ्याच वयाचा असेल. त्यानं आमच्यासाठी रिकामं पोतं झटकून अंथरलं. दादा पोत्याच्या कडेवर टेकला. तोच माणूस म्हणाला, "आप इंजीनियर साहब हो? वो बताती थी. सब 'ए बाई' बोलते हैं, साहब नाम से बुलाते हैं." दादा म्हणाला, "मैं उस दिन आया नहीं था. आना चाहिए था." त्या माणसानं मान हलवली. समजलं म्हणून की काय म्हणून, ते मला कळलं नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निगमच्या कचेरीत चौकशी झाली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसले होते. दार उघडं होतं. साहेबांनी विचारलं, "उस दिन थे कहाँ आप?" दादा म्हणाला, "बाहर था. घर का काम था." "क्या काम?" "घर का काम था, सर." साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही तो तेच म्हणाला. मला उठून आत जाता आलं असतं. दहा पावलं होती. मी गेले नाही. माझा निकाल यायचा होता, आणि माझं नाव अशा कागदांत आलं तर बोर्डवाले सर्टिफिकेट अडवतील असं मला वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बाकीची कारणं मी स्वतःला पुष्कळ देत आले, मी लहान होते, घाबरले होते, कोणी मला विचारलं नाही. पण खरं कारण एवढंच होतं.

दादाचा परवाना तीन वर्षांसाठी काढून घेतला. कोर्टाची केस त्याहून लांब चालली. महिनाभरानं माझं सर्टिफिकेट पोस्टानं आलं. पाकीट दादानंच घेतलं, माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाला, "जपून ठेव." आईनं देवापुढे साखर ठेवली, पण आम्हाला कोणाला ती वाटली नाही. सराफ्यातल्या रिपोर्टांवर मी सह्या करू लागले. जिथं सही केली तिथं मी स्वतः गेले नाही असं पुढच्या तेहतीस वर्षांत एकदाही झालं नाही. लोक मला काटेकोर म्हणायचे, पाठीमागे खडूस म्हणायचे.

जेवताना आता आवाज व्हायचा तो भांड्यांचा. एका रविवारी बाबांनीच मुद्दाम विषय काढला, "काय रे, सिव्हिलवाले, आज काही बोलून नाही राहिले?" दादा हसल्यासारखं करून म्हणाला, "गुड्डीचंच बरोबर होतं, बाबा." वादात जिंकायची इतकी वर्षं मी धडपडत होते, आणि तो असा एका वाक्यात हरून मोकळा झाला.

तीन वर्षं संपली तेव्हा मीच निगममधून नव्या परवान्याचा फॉर्म आणला. तो महिनाभर त्याच्या टेबलावर पडून होता. मग त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कोणत्यातरी पोराला त्यानं जिन्याचं सेक्शन काढून समजावलेलं मला दिसलं. तोवर तो एका खासगी पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवायला लागला होता, आणि तिथंच त्याची नोकरी संपली. मुलांचा लाडका होता म्हणतात. लग्न झालं, वहिनी चांगली मिळाली, मुलगी झाली. स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा त्यानं दुसऱ्या कोणीतरी बांधलेलं तयार घर विकत घेतलं. आई गेली, बाबा गेले. तो दिवस आमच्या घरात पुन्हा कोणी काढला नाही.

काढला तो मी, मागच्या हिवाळ्यात. दादाच्या किडन्या कामातून गेल्या होत्या, आठवड्यातून दोनदा दवाखाना. मी त्याच्याकडे राहायला गेले होते. उन्हात खुर्च्या टाकून आम्ही मटार सोलत बसलो होतो, जबलपूरचा मटार, दाणे असे गोड की सोलता सोलता निम्मे पोटात जातात. त्याला खायची मनाई होती, म्हणून मीही खात नव्हते. मी टोपलीकडे पाहतच म्हटलं, "दादा, मी तुला थांबवलं नसतं तर तू अडीचच्या गाडीनं आला असता."

कोणत्या गाडीनं, हे त्यानं विचारलं नाही. इतक्या वर्षांत त्याच्याही मनात ती गाडी रोज सुटत असणार.

"नसतो आलो," तो म्हणाला. "तू काहून मनाला लावून घेतलं? मलाच थांबायचं होतं. भोपाळचा तलाव पाहायचा होता, संध्याकाळचा. तू म्हटलं नसतं तरी मी काहीतरी निमित्त काढलंच असतं."

एवढं बोलून तो पुन्हा शेंगा सोलू लागला. त्याची बोटं सुजलेली होती, एकेक शेंग उघडायला वेळ लागत होता.

त्या संध्याकाळी आम्ही तलावाकडे फिरकलोही नव्हतो. बोर्डाच्या कचेरीतून तो मला ओढतच स्टेशनवर घेऊन गेला होता, आणि गाडी येईपर्यंत फलाटावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होता. स्वतःचा परवाना वाचवायला जो एक ओळ खोटी लिहू शकला नाही, त्यानं आयुष्यात बहुधा एवढं एकच खोटं सांगितलं. मी त्याला तसं म्हटलं नाही. "हो का?" म्हटलं, आणि त्याच्या मांडीवरच्या शेंगांतल्या मूठभर माझ्या ओंजळीत घेतल्या.

मार्चमध्ये तो गेला.